खोट्या शस्त्रांचे खरेपण

मराठीत नाटक-चित्रपटांवर जे लिहिले जाते त्यात संहितेचा, अभिनयाचा, फार तर नेपथ्याचा आणि संगीताचा विचार असतो. पात्राच्या हातातील वस्तूचा विचार आपण सहसा करीत नाही. चहाचा कप, काठी, पत्र, कंदील या वस्तू येतात आणि जातात; समीक्षकाच्या वहीत त्यांची नोंद होत नाही. शस्त्राच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा परवडणारी नाही. कप रिकामा असला तर प्रयोगाचे फारसे बिघडत नाही. पिस्तूल रिकामे आहे की नाही, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

हा विषय काढण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आधी डिजिटल कॅमेरा आणि मग मोबाईल हातात आल्यापासून लघुपट करणे ही आपल्या महाविद्यालयांत नित्याची गोष्ट झाली आहे. माध्यमांचे अभ्यासक्रम घेणारे विद्यार्थी तर तो करतातच, पण साहित्याच्या वर्गातले विद्यार्थीही एखाद्या कथेचे चित्रीकरण करून आणतात. गिरगावातली चाळ, परळचा जिना, दादरचा पूल, लालबागची गल्ली ही स्थळे फुकट मिळतात. कथा मुंबईची असल्याने तिच्यात बहुधा कुठेतरी एक पिस्तूल किंवा कोयता असतो. मग प्रश्न येतो, “खरे वाटेल असे शस्त्र कमी पैशांत कुठे मिळेल?” आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. शस्त्र खरे कोणाला वाटायला हवे, आणि किती वेळ, हे दोन प्रश्न त्याच्या आधी यायला हवेत. ते न विचारता शस्त्र शोधायला निघालेला दिग्दर्शक कलेच्या दृष्टीनेही चुकतो आणि माणसांना धोक्यातही घालतो.

या प्रश्नाचे वय आपल्या चित्रपटाच्या वयाइतकेच आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१२-१३ मध्ये दादरच्या ज्या रस्त्यावरील बंगल्यात घडवला, त्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. बाह्यचित्रणासाठी फाळक्यांची मंडळी कर्जत मार्गावरील वांगणीला गेली होती. फाळके स्वतः मागाहून येणार होते. गावात अनोळखी माणसांचा जमाव उतरलेला पाहून पाटलाने फौजदाराला कळवले. सामान उघडले, तर आत तलवारी, ढाली, भाले, मुकुट. ‘आम्ही चित्रपट करणारे लोक आहोत’ हे सांगून उपयोग नव्हता, कारण चित्रपट म्हणजे काय हेच त्या गावात कोणाला ठाऊक नव्हते. मंडळींना दरोडेखोर समजून अडकवण्यात आले. फाळके आल्यावर त्यांनी एक प्रवेश करून दाखवला, कॅमेरा उघडून समजावला, तेव्हा कुठे सुटका झाली. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे हा काळ नव्या पिढीलाही परिचित झाला आहे. आपण हा किस्सा हसून सांगतो. पण त्यातले तथ्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पडलेले नाटकी शस्त्र हे पाहणाऱ्याच्या दृष्टीने शस्त्रच असते. पाटलाचे काही चुकले नव्हते.

शंभर वर्षांनंतरही त्यात फरक पडलेला नाही. २०१९ साली वसईत एका हिंदी चित्रपटाच्या चित्रीकरणातील दोन तरुण कलाकार दहशतवाद्यांच्या वेशात रस्त्यावर दिसले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. खुलासा झाल्यावर ते सुटले. वांगणीच्या फौजदाराला चित्रपट ठाऊक नव्हता. वसईकरांनी तर जन्मभर चित्रपटच पाहिलेले. तरीही भीती तीच. म्हणजे प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, तेव्हाही आणि आताही.

दक्षिण आणि मध्य मुंबईत तर या भीतीला तारखा आहेत. जून १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात टोळ्यांची जी वाढ झाली तिच्या खुणा परळ-लालबागच्या घराघरांत आहेत. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने ती पडझड चाळीतल्या एका खोलीत आणून दाखवली आणि त्यावरून महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ २०१० साली आला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांतला एक दादरच्या प्लाझा चित्रगृहापाशी झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना हल्लेखोराच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि प्राण दिले. त्या चौपाटीवर कोणी काळी रंगवलेली प्लास्टिकची रायफल घेऊन ‘फक्त एक शॉट’ घ्यायला उतरत असेल, तर त्याने केवळ परवानगीचा विचार करून भागणार नाही. समोरून जाणाऱ्या बाईला, पेन्शनर गृहस्थाला, गस्तीवरच्या शिपायाला त्या क्षणी काय वाटेल याचा विचार करणे हा त्याच्या कलेचाच भाग आहे. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याची कल्पना ज्याला करता येत नाही, त्याने कथा तरी कशाला सांगावी?

आता शस्त्र किती खरे असावे याबद्दल. या प्रश्नाचे आपल्या परंपरेतील सर्वांत जुने उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे असे आहे. आहार्य अभिनयाच्या प्रकरणात भरत रंगभूमीवरील वस्तू कशा कराव्यात हे सांगतो. शस्त्रे, पर्वत, रथ, प्राणी हे सारे हलक्या द्रव्यांचे असावे. बांबूच्या कामट्या, गवत, लाख, कापड यांनी काम भागवावे. लोखंडाची जड वस्तू वापरू नये, कारण तिने नट थकतो. शस्त्रयुद्धाबद्दल तो आणखी स्पष्ट आहे. रंगावर प्रत्यक्ष भेदन नको, छेदन नको, रक्त वाहणे नको. शस्त्र सोडल्याची केवळ खूण करावी. हे सांगताना भरत सौंदर्यशास्त्र आणि सुरक्षितता अशी दोन खाती मानत नाही. नटाचे शरीर सुरक्षित आणि मोकळे असेल तरच त्याच्याकडून अभिनय होईल, आणि अभिनय झाला तरच प्रेक्षकाला रस मिळेल, असा त्याचा सरळ हिशोब दिसतो. वीररस तलवारीच्या पोलादात नसतो, ती पेलणाऱ्या माणसात असतो, हे त्याने गृहीतच धरले आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. भरताचा प्रेक्षक लांब बसलेला होता. कॅमेरा अगदी जवळ जातो. रंगभूमीवर कामटीची तलवार चालून जाते, पडद्यावर तिचा पोत दिसतो, ती वाकते, प्रेक्षक हसतात. ‘बेगडी’ हा शब्दच आपल्या भाषेत खोटेपणाचा समानार्थी झाला आहे. बेगड म्हणजे मुकुट-मखरांना चिकटवायचा चकचकीत पत्रा. तो दूरच्या प्रेक्षकासाठी होता, जवळून पाहिला की त्याचे बिंग फुटते. शिवाय वजनाचाही मुद्दा आहे. जड वस्तू उचलताना खांदा, मनगट, श्वास यांत जो बदल होतो तो हलक्या वस्तूने होत नाही, असे नट सांगतात, आणि ते खरे आहे.

हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, पण त्यातून खऱ्या शस्त्राचे समर्थन निघत नाही. त्यातून निघते ते असे, की एकाच शस्त्राच्या दोन प्रती हव्यात. चित्रपट तुकड्यांनी घडतो, आणि हीच त्याची सोय आहे. पाते जवळून दाखवायचे असेल त्या तुकड्यासाठी धातूची, नक्षीदार मुठीची, पण बिनधारेची आणि बोथट टोकाची तलवार असावी. तो तुकडा घेताना ती कोणावर उगारली जाऊ नये. हातात स्थिर असावी किंवा म्यानातून निघावी, एवढेच. झटापटीच्या तुकड्यासाठी हलक्या लाकडाची, रबराची किंवा फोमची प्रत असावी. या वेळी कॅमेरा लांब असतो, हालचाल वेगाची असते, आणि पोत कोणाला दिसत नाही. वजनाचा अभिनय तालमीत खऱ्या वजनाने शिकता येतो. नटाला आठवडाभर तेवढ्याच वजनाची लोखंडी सळई उचलायला लावावी, खांद्याला ती सवय झाली की चित्रीकरणात लाकूड द्यावे. दांडपट्टा आणि लाठी शिकवणारे वस्ताद मुंबईत अजूनही आहेत. गुढीपाडव्याच्या गिरगावच्या शोभायात्रेत त्यांचे शिष्य दिसतात. वार कसा करावा यापेक्षा वार कुठे थांबवावा हे ते उत्तम शिकवतात. नटाला नेमके तेच हवे असते.

ही शस्त्रे करायला परदेशी सामान लागत नाही. लालबाग-परळच्या गणपतीच्या कार्यशाळांत हातभर परशू आणि अंकुश दरवर्षी घडतात. पुठ्ठा, लाकूड, फायबर आणि वर रुपेरी किंवा सोनेरी रंग. दहा पावलांवरून पाहिले तर धातू वाटावा असे काम. देखाव्यांसाठी काम करणाऱ्या कारागिरांना गणेशोत्सवानंतर गाठले, तर ते कमी पैशांत तलवारीचा साचा काढून देऊ शकतात, आणि त्यांना हलकेपणाची कला मुळातच अवगत असते, कारण मोठ्या मूर्तीच्या हातात जड वस्तू देता येत नाही. पौराणिक-ऐतिहासिक वेष भाड्याने देणाऱ्या ड्रेसवाल्यांकडे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मालिकांपर्यंत सर्वांना पुरतील अशी ढाल-तलवारीची जोडी मिळते. घरी करायची असेल तर प्लायवूडचे पाते, कडा कानसून गोल केलेल्या, टोक अंगठ्याएवढे बोथट, आणि वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी एवढे पुरते. ॲल्युमिनियमच्या सलग पट्टीची तलवार अधिक खरी दिसते, पण पट्टीवर पट्टी आपटली की कडेला दाते पडतात आणि ते हात कापतात. म्हणून प्रत्येक टेकनंतर बोट न लावता, जाड कापड फिरवून कड तपासावी, आणि कापड अडकले तर कानस चालवावी. खणखणाट मागाहून ध्वनीत घालता येतो. तो चित्रीकरणात हवा असा हट्ट धरू नये. पाते आत सरकणारा स्प्रिंगचा चाकू बाजारात मिळतो, पण तो कधी अडकेल याचा भरवसा नसतो. त्याने अंगावर वार करू नये. कॅमेऱ्याचा कोन साधून वार शरीराच्या बाजूने जाऊ द्यावा.

चोरबाजारात मटन स्ट्रीटला जुन्या तलवारी आणि कट्यारी दिसतात. जुन्या वस्तूचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पण तेथे एक पथ्य पाळावे. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. तलवार, खंजीर, भाला, तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची इतर धारदार हत्यारे नियमांच्या अनुसूचीत शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. याचा अर्थ शेतीचा कोयता रस्त्यात घेऊन फिरायला मोकळीक आहे असा कोणी घेऊ नये. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जे मनाई आदेश निघतात, त्यांत तलवार, भाला, बंदूक, सुरी, लाठी आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगून फिरण्यास बंदी घालता येते. २०२२ साली पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे कुरिअरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्या होत्या. ‘शोभेची आहे’ हे उत्तर ठाण्यात पुरेसे ठरत नाही. तेव्हा जुने खरे पाते विकत घेण्यापेक्षा त्याचे छायाचित्र घ्यावे, माप घ्यावे आणि तसे लाकडात करून घ्यावे. अभ्यास खऱ्याचा आणि वापर खोट्याचा, ही वाटणी योग्य होय.

बंदुकीचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि येथे आम्ही मध्यम मार्ग सुचवू इच्छित नाही. विद्यार्थ्यांच्या किंवा तुटपुंज्या पैशांच्या चित्रपटात खरी बंदूक, मग ती रिकामी असो, आणि ब्लँक काडतूस, मग ते कितीही लहान असो, वापरू नये. ब्लँक म्हणजे निरुपद्रवी असा एक समज आहे. त्यात गोळी नसते हे खरे. पण दारू असते, ती पेटते, आणि तप्त वायूबरोबर काडतुसातली गुडदी वेगाने बाहेर येते. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने चित्रीकरणाच्या वेळी थट्टेत ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला, आणि काही दिवसांनी तो मरण पावला. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या सेटवर ब्रँडन ली मेला, त्याचे कारण आणखी बोधप्रद आहे. आधीच्या एका दृश्यासाठी वापरलेल्या डमी काडतुसाचे टोक नळीत अडकून राहिले होते. नंतर त्याच बंदुकीत ब्लँक भरले गेले आणि त्याच्या जोराने ते टोक गोळीसारखे सुटले. दोन ‘निरुपद्रवी’ गोष्टी एकत्र आल्या, आणि मधल्या वेळात नळी कोणी तपासली नव्हती.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रकार हलायना हचिन्स यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तो हॉलिवूडच्या मानाने कमी खर्चाचा चित्रपट होता. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुण स्त्रीवर इतर सामानाचेही काम सोपवलेले होते. कॅमेरा विभागातील काही मंडळी कामाच्या परिस्थितीबद्दल तक्रार करून त्याच सकाळी निघून गेली होती. सहायक दिग्दर्शकाने बंदूक सुरक्षित असल्याचे जाहीर केले होते, आणि तिच्यात खरी गोळी होती. २०२४ मध्ये त्या शस्त्रप्रमुखाला मनुष्यवधाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. नट ॲलेक बाल्डविन यांच्यावरील खटला त्याच वर्षी रद्द झाला. न्यायालयाने काय ठरवले ते असो. काटकसर प्रथम कुठे केली जाते, हे या प्रकरणातून दिसते. नट कमी करता येत नाही, कॅमेरा कमी करता येत नाही. म्हणून केवळ ‘लक्ष ठेवणारा’ माणूस कमी केला जातो किंवा त्याच्या गळ्यात दुसरे काम अडकवले जाते. आपल्याकडच्या लघुपटांत तर तो माणूस मुळातच नसतो.

मग बंदूक दाखवायची कशी? लाकडात कोरलेली, साच्यात ओतलेली किंवा खेळण्यातली, जिच्यातून काहीही सुटू शकत नाही अशी. नळीच्या तोंडचा जाळ आणि आवाज आज घरच्या संगणकावरही जोडता येतो. हाताला बसणारा झटका हा नटाने करायचा अभिनय आहे, आणि तो तालमीने जमतो. दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवताना लहान मूलही तो करून दाखवते. खेळण्यातले पिस्तूल काळे रंगवले की ते खरे वाटू लागते, हे खरे. पण ते कॅमेऱ्यालाच नव्हे, रस्त्यालाही वाटू लागते. म्हणून चित्रण थांबले की नळीला भडक रंगाची पट्टी लावावी आणि पिस्तूल बंद पेटीत जावे. कोणाच्याही हातात, खिशात, कमरेला ते राहू नये. चहाला जाताना तर नाहीच. आणि खोटे असले तरी ते माणसावर रोखण्यापूर्वी ते खोटे आहे हे दोघांनीही, रोखणाऱ्याने आणि समोरच्याने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

बाकीची पथ्ये थोडी आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. शस्त्रांची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी आणि त्या दिवशी त्याला दुसरे काम देऊ नये. किती शस्त्रे आणली आणि किती परत पेटीत गेली याची मोजणी लिहून ठेवावी. झटापटीचा प्रत्येक हात आधी आकड्यांवर, अगदी सावकाश बसवावा. वेग शेवटी यावा. आणि कॅमेऱ्यासमोर आयत्या वेळी नवे काही सुचले तरी करू नये. १९८२ मध्ये बंगळुरूला ‘कुली’च्या चित्रीकरणात शस्त्र कुठलेच नव्हते, ठोसा आणि टेबल एवढेच होते, वेळ चुकली आणि अमिताभ बच्चन मरणाच्या दारात जाऊन आले. स्थानिक पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, जागा आणि शस्त्रांचे वर्णन लेखी द्यावे व त्याची पोच जवळ ठेवावी. चाळीत चित्रीकरण असेल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे. जिन्यावरून उतरणाऱ्या आजींना त्या दिवशी काय होणार आहे हे ठाऊक असणे, हेही परवानगीइतकेच महत्त्वाचे.

इतके केल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो साहित्याच्या माणसांनी सोडवायचा आहे. शस्त्र दाखवणे आवश्यक आहे का? कीचकाचे उदाहरण घेऊ. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्या कथेत भीमाच्या हाती शस्त्र नाही. तो कीचकाला नुसत्या हातांनी मारतो. सरकारला भय वाटले ते शब्दांचे, कीचकात लॉर्ड कर्झन पाहणाऱ्या प्रेक्षकांचे. पुढे १९२० मध्ये बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’त तोच वध पडद्यावर इतका हुबेहूब आला की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य गाळावे लागले. एकच वध, पहिल्या वेळी अर्थामुळे असह्य झाला, दुसऱ्या वेळी दिसण्यामुळे. आपल्याला कोणते असह्य हवे, हे लेखकाने आधी ठरवले पाहिजे.

तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’च्या वेळी सेन्सॉरने रक्ताच्या लाल डागाला हरकत घेतली, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा असे प्रेक्षकांना सांगितले गेले. निळ्या डागाने नाटकाची धार कमी झाली नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) शेवटी जब्याच्या हातून सुटतो तो दगड, त्याला खर्च शून्य. ‘सैरात’च्या (२०१६) शेवटी हत्या आपल्याला दिसतच नाही. लहान मूल घरात जाते आणि रक्ताची पावले उमटवत बाहेर येते, तेही निःशब्द. मराठी पडद्यावर गेल्या काही वर्षांत सर्वाधिक लोकांना ज्या हिंसेने हादरवले, तिच्यात हत्यार पाहिल्याचे कोणाला आठवणार नाही. आणि मागे जायचे तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या कथेचा कळस म्हणजे तारामतीवर उगारलेली आणि न पडलेली तलवार. आपल्या चित्रपटाची सुरुवातच थांबलेल्या वारापासून झाली आहे.

यावरून शस्त्र दाखवूच नये असा नियम आम्ही काढीत नाही. युद्धाची गोष्ट तलवारीवाचून सांगता येणार नाही. टोळीयुद्धाची गोष्ट पिस्तुलावाचून सांगायची तर लेखणी फार मोठी लागेल. आमचे म्हणणे इतकेच, की शस्त्राच्या खरेपणावर विसंबून राहणारा लेखक पात्राच्या खरेपणात कसूर करतो. हातात पिस्तूल घेतल्यावर ज्याचा आवाज किंचित बदलतो, जो ते नेमके कुठे ठेवावे या विचाराने अस्वस्थ होतो, ज्याची आई भांडी घासताना एकदा वळून पाहते आणि पुन्हा घासू लागते, त्याच्या हातात लाकडाचा तुकडा असला तरी चालतो. हे सारे संहितेत लिहावे लागते, आणि ते लिहायला भाडे पडत नाही.

शेवटी अध्यापकांविषयी. विद्यार्थी चित्रीकरणाचे पत्र घेऊन आले की आपण विभागाचा शिक्का मारून देतो. फार तर ‘जपून करा’ म्हणतो. आमची सूचना अशी, की ज्या संहितेत शस्त्र आहे तिच्यासाठी शिक्का मारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. शस्त्र कशाचे आहे? ते कोण सांभाळणार? चित्रण नसताना ते कुठे असेल? आणि त्या दृश्यातून शस्त्र काढले तर काय उरते? पहिल्या तिन्हींची उत्तरे नीट आली नाहीत, तर चित्रीकरण पुढे ढकलावे. चौथ्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर संहिता परत द्यावी आणि पुन्हा लिहायला सांगावे. ते तर आपले नेहमीचेच काम आहे.